नंबर जुळतात का?

जुनं जर्मन पिस्तूल टेबलावर आलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, हे कधीचं? आणि लगेच दुसरा, याचे किती येतील? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा लोखंडावरच कोरलेलं असतं. दुसऱ्यासाठी पिस्तुलाचा एकेक भाग सुटा करून पाहावा लागतो. पेनसिल्व्हेनियात जुन्या शस्त्रांचे लिलाव करणाऱ्या एका संस्थेत मी कॅटलॉगचं काम करते. आलेली वस्तू ओळखायची, तिचं वय ठरवायचं, दोष लिहून काढायचे आणि अंदाजे किंमत सांगायची. इथे येण्याआधी भोसरीच्या एका टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला होते. शस्त्रांशी संबंध नव्हता, पण मिलिंगची खूण कुठली, ग्राइंडिंगची कुठली आणि कानशीची कुठली हे नजर ओळखत होती. या कामात तीच नजर उपयोगी पडली.

दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढलेल्या अमेरिकन सैनिकांनी घरी परतताना ज्या वस्तू हौसेने बरोबर आणल्या, त्यांत जर्मन पिस्तुलाला मोठा मान होता, त्यातही लुगरला. ते सैनिक आता बहुतेक गेले. घर आवरताना मुलांना, नातवंडांना माळ्यावर पेटी सापडते आणि ती आमच्याकडे येते. पिस्तूल मोज्यात गुंडाळलेलं असतं, कधी जुन्या टॉवेलमध्ये. हातात घेतल्यावर आधी मॅगझिन काढायचं, टॉगल मागे ओढायचा, चेंबरमध्ये नजर घालायची आणि मग बोटाने चाचपून खात्री करायची. आठ दशकं कपाटात पडलेलं पिस्तूल रिकामंच असेल असं मी धरून चालत नाही.

लुगर हे नाव गेओर्ग लुगर या ऑस्ट्रियन माणसावरून आलं. ह्यूगो बोर्शार्टने 1893 मध्ये केलेल्या अवजड पिस्तुलावरून त्याने हे सुटसुटीत रूप घडवलं. गोळी सुटली की नळीमागचा सांधा गुडघ्यासारखा वर दुमडतो, तोच टॉगल. स्वित्झर्लंडने 1900 मध्ये ते सैन्यात घेतलं, जर्मन नौदलाने 1904 मध्ये आणि जर्मन भूदलाने 1908 मध्ये. म्हणून त्याचं सरकारी नाव पी. 08.

वय वाचायला सुरुवात टॉगलच्या माथ्यावरून करायची. तिथे बनवणाऱ्याची खूण असते. बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्याची एकमेकांत गुंफलेली अक्षरं असतील किंवा मुकुट आणि खाली एरफुर्टचं नाव असेल, तर पिस्तूल साधारणपणे पहिल्या महायुद्धाच्या पिढीतलं. सैन्यासाठी बनवलेल्या पिस्तुलांच्या चेंबरवर 1910 पासून सालही ठोकलेलं मिळतं. मात्र काहींवर दोन सालं दिसतात, खाली 1917 आणि वर 1920. मालकाला वाटतं काहीतरी घोटाळा आहे. घोटाळा नसतो. व्हर्सायच्या तहाने जर्मनीचं सैन्य एक लाखावर आणलं आणि देशभर शस्त्रं जमा करणं सुरू झालं. तेव्हा सरकारी मालकीची शस्त्रं वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांच्यावर 1920 हा शिक्का मारला गेला. म्हणजे 1917 हे जन्मसाल आणि 1920 ही मालकीची नोंद.

1930 मध्ये हे काम बर्लिनहून नेकार नदीकाठच्या ओबर्नडोर्फला, माउझरच्या कारखान्यात गेलं. त्यानंतरच्या सैनिकी पिस्तुलांवर कारखान्याचं नाव नाही, सांकेतिक खूण आहे. आधी ‘एस/42’, मग 1939-40 मध्ये नुसतं ‘42’ आणि पुढे 1941-42 मध्ये ‘बीवायएफ’ ही तीन अक्षरं. तहाची बंधनं असताना माल कोण बनवतं आणि किती बनवतं हे बाहेर कळू नये, हा सुरुवातीचा हेतू. 1934 च्या पिस्तुलांवर सालसुद्धा लिहिलेलं नाही, त्या जागी ‘के’ हे एकच अक्षर आहे. 1935 साठी ‘जी’. त्या वर्षीच्या मार्चमध्ये हिटलरने फेरशस्त्रीकरण उघड जाहीर केलं आणि 1936 पासून चेंबरवर चार आकडी साल राजरोस दिसायला लागलं. एका देशाने जगापासून काय लपवलं आणि लपवायचं कधी थांबवलं, हे अंगठ्याएवढ्या जागेत वाचता येतं. मला हे प्रत्येक वेळी थांबवून ठेवतं.

सिरियल नंबरवरून वय काढता येईल असं अनेकांना वाटतं. नुसत्या नंबरावरून येत नाही. सैनिकी लुगरचे नंबर दरवर्षी नव्याने सुरू व्हायचे. जास्तीत जास्त चार आकडे, मग पुढच्या गठ्ठ्याला ‘ए’ अक्षर, त्याच्या पुढच्या गठ्ठ्याला ‘बी’. त्यामुळे एकच चार आकडी नंबर कितीतरी पिस्तुलांवर असू शकतो. साल, कारखान्याची खूण, नंबर आणि नंबराखालचं ते छोटं वळणदार अक्षर, हे चारही मिळाल्याशिवाय पिस्तुलाची ओळख पुरी होत नाही. फोनवर लोक नंबर सांगतात आणि अक्षर गाळतात. मी पुन्हा बघायला सांगते.

इथवरचं काम चांगलं पुस्तक हाताशी असेल तर कुणालाही जमेल. फ्रेड डॅटिगचं लुगरवरचं पुस्तक 1955 मध्ये आलं, चार्ल्स केन्यनचं 1969 मध्ये, नंतर जॅन स्टिलचे जाड ग्रंथ. या अभ्यासकांनी हजारो पिस्तुलं पाहून नोंदी केल्या आणि त्या नोंदींवर आम्ही सगळे उभे आहोत. पण पुस्तक सांगतं ते पिस्तूल कारखान्यातून कसं निघालं ते. समोरचं पिस्तूल आज तसंच आहे का, हे ज्याचं त्याने पाहायचं. किंमत ठरते ती तिथे.

कारखान्यात प्रत्येक भाग कानशीने, हाताने बसवला जाई आणि बसला की त्यावर त्या पिस्तुलाच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे ठोकले जात. बाजूच्या पत्र्यावर, उघडायच्या किल्लीवर, चापावर, टॉगलच्या जोडांवर, अगदी फायरिंग पिनवरसुद्धा. लाकडी मुठीच्या पट्ट्या उलट्या केल्या तर तिथेही. हे सगळे आकडे एक असले तर पिस्तूल ‘मॅचिंग’. संग्राहक याच शब्दावर पैसे मोजतो. आकडे जुळत असले की कारखान्यातून एकत्र निघालेले भाग अजून एकत्र आहेत, मधल्या काळात कुणी फाटाफूट केली नाही, असं धरता येतं.

आणि मग रंग. हा माझा आवडता भाग आहे, त्यामुळे जरा रेंगाळते.

जुन्या लुगरचा काळा-निळा रंग गंज चढवून केलेला असे. घासून लख्ख केलेल्या पोलादावर आम्लाचं द्रावण लावायचं, बारीक गंज येऊ द्यायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, ब्रशने सुटा थर काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. द्रावण हाताने बाहेरून लावत, म्हणून मुठीच्या आत, मॅगझिन जाते त्या पोकळीत, पोलाद पांढरंच राही. चाप, उघडायची किल्ली, सेफ्टीचा खटका असे छोटे भाग मात्र निळे नसत, ते गवती पिवळे असत. हा पिवळा रंग मला ओळखीचा होता. टूलरूममध्ये पाणी दिलेलं पोलाद टेम्परिंगसाठी पुन्हा तापवलं की आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढताना पाहिलेला होता. जर्मन कारागीर भाग पिवळ्यावर आला की थांबत. काळ्या-निळ्या अंगावर ते सोनेरी ठिपके फार देखणे दिसतात.

1937 मध्ये माउझरने ही पद्धत सोडली. सैन्याची मागणी वाढली होती, गंज चढवण्यात दिवस जात होते. त्याऐवजी तापलेल्या क्षारांच्या टाकीत भाग बुडवून काढायला सुरुवात झाली. काम झटपट होऊ लागलं, पिवळे भाग गेले, सगळंच निळं-काळं झालं. टाकीत बुडवलेला भाग आतून-बाहेरून रंगतो, म्हणून मुठीची पोकळीही आता काळी. हे एवढं लक्षात असलं तर कितीतरी पिस्तुलं आपली हकीकत स्वतःच सांगतात. चेंबरवर 1916 आणि मुठीच्या आत काळाशार रंग? ते नंतर कुणीतरी टाकीत बुडवलंय.

एक निवृत्त गृहस्थ ‘बीवायएफ’ 41 घेऊन आले होते. गुंतवणूक म्हणून चांगली किंमत देऊन घेतलेलं. आरशासारखी चमक आणि चाप, किल्ली, खटका सोन्यासारखे पिवळे. इतकं सुंदर पिस्तूल कारखान्यातूनही निघालं नसेल, आणि खरोखरच निघालं नव्हतं. 1941 मध्ये पिवळे भाग करतच नव्हते. भिंगाखाली बाकीचं दिसलं. काही शिक्के रंग चढल्यावर मारले जात, तिथे ठशाच्या कडेने रंग तडकून एक बारीक उजळ रेघ उरते. इथे ती नव्हती, नवा रंग ठशांच्या आतपर्यंत उतरला होता. अक्षरांच्या कडा पॉलिशच्या चाकाने गोल झाल्या होत्या, कोपरे मऊ पडले होते. कुणीतरी मोठ्या कौशल्याने त्याला नवं केलं होतं आणि ते करताना त्याची निम्मी किंमत घासून टाकली होती. त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, भिंगातून स्वतः पाहिलं आणि विचारलं, पण हे मूळच्यापेक्षा छान दिसतंय ना? दिसतंय, मी म्हणाले. संग्राहकाला छान नको असतं, तेव्हाचं हवं असतं. हे त्यांना पटलं का ठाऊक नाही, पण कॅटलॉगमध्ये ‘पुन्हा रंगवलेलं’ असं स्पष्ट लिहायला त्यांनी हरकत घेतली नाही.

याच्या उलट एक आलं होतं, भाऊ-बहिणीने मिळून आणलेलं, वडिलांचं. ‘बीवायएफ’ 42, काळ्या बेकेलाइटच्या पट्ट्या. (अशा पिस्तुलाला इथले विक्रेते ‘ब्लॅक विडो’ म्हणून चढ्या भावाने विकतात. ते नाव विक्रेत्यांनीच दिलेलं आहे, काळ्या पट्ट्यांमुळे पिस्तूल दुर्मिळ होत नाही.) कातडी म्यान वाळून कडक झालेलं. त्याच्या झाकणाच्या आतल्या खणात पिस्तूल खोलायचं छोटं अवजार तसंच होतं. मॅगझिनवर ‘एफएक्सओ’ हा झूल इथल्या हेनेल कारखान्याचा संकेत, म्हणजे काळाशी सुसंगत. पिस्तुलावर धूळ, घट्ट झालेलं तेल, नळीच्या टोकाला म्यानाच्या घर्षणाने रंग उडालेला. उडालेला, पण खोटा नव्हे. रोज आत-बाहेर करताना जिथे झिजायला हवं तिथेच ते झिजलं होतं.

भावाने आधीच सांगून टाकलं की वडिलांनी हे एका जर्मन जनरलकडून शरण येताना घेतलं. असे जनरल मला खूप भेटतात. शरण आलेल्या सैन्याची पिस्तुलं ढिगाने जमा होत आणि बहुतेक सैनिकांना ती तिथून मिळत. पण वडिलांची आठवण सांगणाऱ्या मुलाला मी हे तोंडावर ऐकवत नाही. मी विचारलं, काही कागद आहे का? बहिणीने पाकिटातून चौघडी घातलेला टाइप केलेला कागद काढला. कमांडिंग ऑफिसरच्या सहीचा दाखला, या सैनिकाला ही वस्तू युद्धातली आठवण म्हणून घरी नेण्याची परवानगी आहे. अशा कागदाला इथे कॅप्चर पेपर म्हणतात. त्यावर सैनिकाचं नाव, तुकडी आणि पिस्तुलाचा नंबर होता, 5143. पिस्तुलाच्या चौकटीवर 5143 आणि खाली ‘डी’. कारकुनाने अक्षर सोडलं होतं, पण नंबर बरोबर होता. जनरलचा उल्लेख कुठेच नव्हता.

भाग सुटे करून मांडले. किल्ली 43, चाप 43, टॉगलचे जोड 43, फायरिंग पिन 43. बाजूचा पत्रा 87.

ही गोष्ट फार वेळा दिसते. बराकीत चार जण एकाच टेबलावर पिस्तुलं साफ करायला बसतात, पत्रे एकमेकांत मिसळतात, पटकन बसेल तो उचलला जातो. शिपायाला पिस्तूल चालल्याशी मतलब होता. हा बदल तिकडे, तेव्हाच झाला असणार असं माझं मत, कारण पत्र्याचा रंग आणि झीज बाकीच्या अंगाशी मिळतीजुळती होती. मत मी मत म्हणूनच लिहिलं. पण किंमत? या एका पत्र्यामुळे मी माझा अंदाज चौथाईने खाली आणला.

भाऊ म्हणाला, पत्र्यावर 43 मारून घेता येणार नाही का? विचारण्यात वाईट हेतू नव्हता, दुरुस्तीसारखं वाटलं त्याला. मी त्याला दुसऱ्या एका पिस्तुलाचा असाच पत्रा दाखवला. नवा आकडा मारायचा तर जुना घासून काढावा लागतो. घासला की तिथे खोलगट जागा होते. बोटाला कळत नाही, पण सरळ धार उभी धरून मागे उजेड ठेवला की फट दिसते. टूलरूममध्ये सपाटी आम्ही अशीच तपासायचो. मग त्या जागेवर पुन्हा रंग, तो शेजारच्या रंगाला मिळत नाही. आणि आकड्यांचं वळण. कारखान्याच्या पंचातल्या चारचा तिरकेपणा, तीनच्या वरच्या कमानीची गोलाई ही ठरलेली असते, बाजारातल्या पंचाने ती येत नाही. शिवाय चौकटीवरच्या मुख्य नंबराला कुणी हात लावला तर इथल्या संघीय कायद्याने तो गुन्हा आहे. छोट्या भागांना तो नियम लागत नाही, म्हणून फसवणूक तिथे चालते. बहीण मध्येच म्हणाली, आहे तसं लिहा. जनरलचं काय, भावाने विचारलं. मी म्हणाले, ही आठवण तुम्ही सही करून वेगळ्या कागदावर द्या, घेणाऱ्याला आम्ही ती देऊ. कॅटलॉगमध्ये मात्र जे पिस्तूल आणि दाखला सांगतात तेच जाईल.

पिस्तूल माझ्या अंदाजापेक्षा वर गेलं. घेणाऱ्याला 87 चा पत्रा माहीत होता. दाखला, म्यान आणि कुणी हात न लावलेला रंग यांचे पैसे त्याने मोजले.

किमतीबद्दल नेमकं सांगा असा आग्रह होतो, म्हणून ढोबळ सांगते. अमेरिकेत आज नंबर न जुळणारं, पुन्हा रंगवलेलं लुगर एक हजार डॉलरच्या आसपास जातं. नंबर जुळणारं, मूळ रंगाचं सर्वसाधारण सैनिकी लुगर दोन-तीन हजारांत. त्याच्या पुढची झेप दुर्मिळतेची. पहिल्या महायुद्धातल्या तोफखान्याचं, वीस सेंटिमीटर नळीचं. नौदलाचं, पंधरा सेंटिमीटर नळीचं. झूलच्या क्रीगहॉफने जर्मन हवाई दलासाठी केलेलं, ज्याचं कंत्राट सुमारे 10,000 चंच होतं. अशा पिस्तुलांची किंमत साध्याच्या कितीतरी पट, आणि म्हणूनच साध्या पिस्तुलावर क्रीगहॉफची खूण मारणारे लोकही आहेत. खूण जितकी महाग, तितका मी तिच्यावर भिंगाखाली जास्त वेळ घालवते. 1968 च्या कायद्यानंतर आयात होऊन आलेल्या मालावर आयातदाराचं नाव ठोकलेलं असतं, कधी नळीच्या खाली, बारीक अक्षरात. असं नाव असलेलं पिस्तूल सैनिकाने घरी आणलेलं नाही, घरची गोष्ट कितीही रंगतदार असो.

वयाचा कायद्याशीही संबंध आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1898 किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र प्राचीन वस्तू ठरतं आणि बंदुकीचे बहुतेक नियम त्याला लागू होत नाहीत. माउझरचं झाडूच्या दांड्यासारख्या मुठीचं सी96 हे पिस्तूल 1896 पासून बनू लागलं. तरुण चर्चिलने 1898 मध्ये सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत तेच वापरलं. त्यातलं पहिल्या दोन-तीन वर्षांतलं एखादं आणि 1900 नंतरचं एखादं शेजारी ठेवलं तर सामान्य माणसाला फरक दिसणार नाही, पण कायदा आणि किंमत दोन्ही वेगळी. तिथे मी वय अंदाजाने लिहीत नाही.

आता एक सांगायलाच हवं. या पिस्तुलांवर गरुड आणि स्वस्तिकाचे शिक्के असतात आणि त्या शिक्क्यांमुळे किंमत वाढते. जर्मनीत ते चिन्ह मिरवणं फौजदारी गुन्हा आहे. इथे तसं नाही. मी शिक्क्याची नोंद करते, कारण वय आणि तपासनीस त्यावरून कळतो, पण तो मोठा करून छापलेला फोटो मला कॅटलॉगमध्ये नको असतो आणि तसं मी सांगते. शिक्क्यामागे माणसं होती. सुडेटनलँडमधल्या ग्रोटाऊला स्प्रेवेर्क कारखान्यात ‘सीवायक्यू’ खुणेची पी. 38 पिस्तुलं व्हायची. त्यांच्या अंगावर कटरच्या ओरबाडलेल्या खुणा तशाच सोडलेल्या दिसतात. घाई होती हे कुठलाही टर्नर सांगेल. तिथे सक्तीने आणलेले मजूर राबत होते, हे त्या खुणा सांगत नाहीत.

आणि सिमसन. टॉगलवर ‘सिमसन अँड को. झूल’ लिहिलेलं लुगर क्वचित येतं. तहानंतरच्या काळात सैन्याला पी. 08 पुरवायचं काम 1925 पासून या कारखान्याकडे होतं. पिस्तुलं थोडी झाली, म्हणून आज महाग. सिमसन हे ज्यू कुटुंब होतं. नाझी सत्तेत आल्यावर थुरिंगियाचा नाझी प्रमुख फ्रित्झ साउकेल त्यांच्या मागे लागला, 1935 मध्ये कारखाना हिसकावला गेला आणि कुटुंबाला देश सोडून पळावं लागलं. हे पिस्तूल विकायला आणणारा माणूस विचारतो, दुर्मिळ आहे ना? आहे. कॅटलॉगमध्ये एका वस्तूला मोजक्या ओळी मिळतात. सिमसनच्या वेळी त्यातली एक ओळ मी त्या कुटुंबाला देते. रंगाची टक्केवारी दोन शब्दांत मावते.

अलीकडे सांगलीहून मामेभावाचा फोन आला. “ताई, सासऱ्यांच्या कपाटात पिस्तूल निघालंय. जर्मनीचं आहे. तुझ्याकडे याचे किती येतील गं?” त्याने फोटो पाठवला. तळहातात मावणारं माउझर, 6.35 मिलिमीटरचं. वरच्या बाजूला कंपनीचं नाव ‘माउझर-वेर्के’ असं होतं. कंपनीने हे नाव 1922 मध्ये घेतलं, त्याआधी ती ‘वाफेनफाब्रिक माउझर’ असं लिहायची. म्हणजे पिस्तूल 1922 नंतरचं. चाचणीच्या शिक्क्यात मुकुट आणि खाली ‘एन’. 1940 च्या एप्रिलपासून मुकुटाच्या जागी गरुड आला, म्हणून हे त्याआधीचं. दोन खुणांनी वय एवढ्यात आलं. सासऱ्यांचा परवाना होता, पण ते जाऊन काही महिने झाले होते आणि पिस्तूल कपाटातच होतं.

मी त्याला म्हटलं, किंमत राहू दे बाजूला, आज ते घेऊन कुठे जायचं ते ऐक. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं काही असेल तर त्यांनाही हेच सांगते. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 21 नुसार परवानाधारक गेला किंवा परवाना संपला की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. जमा केल्याची पावती घ्या. वारसाला ते ठेवायचं असेल तर स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रं बाळगता येतात, हे लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या लिलावाचे आकडे तिकडे लावू नका, परवान्याशिवाय घेणारा नाही आणि देणाराही नको. जमा करायच्या आधी ते पॉलिश करू नका, रंगवू नका, गंज काढायला सँडपेपर लावू नका. म्यान, जुना परवाना, खरेदीची पावती, जे कागद असतील ते एकत्र ठेवा. आणि ते घरात कसं आलं हे माहीत असलेलं कुणी वडीलधारं हयात असेल, तर आजच त्यांच्याकडून लिहून घ्या, तारीख घाला आणि सही घ्या.

मामेभावाने दुसऱ्या दिवशी पिस्तूल जमा केलं. सासूबाईंनी एक पानभर लिहून दिलं आहे.